कॉफीच्या डब्यातल्या एकसष्ट गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाच्या कपांचा नव्हे, औषधाच्या गोळ्या मोजायचा. माझा रंग हिरवा आहे, निदान एके काळी होता. माझ्या डाव्या कडेला झाकण असलेली एक पन्हळ आहे आणि माझी जोडीदारीण म्हणजे एक चपटी पट्टी. बाटलीतल्या गोळ्या माझ्यावर ओतायच्या, पट्टीने पाच-पाच करून पन्हळीत ढकलायच्या आणि उरलेल्या परत बाटलीत सोडायच्या, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं! मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

हल्ली मी एका खणात पडून असतो. माझ्या पन्हळीत टाचण्या ठेवल्या आहेत आणि अंगावर एक सुकलेलं मार्कर पडलं आहे. आता गोळ्या पुठ्ठ्यात एकेक बंद होऊन येतात आणि कोणती गोळी कधी फोडली तेसुद्धा आपोआप नोंदवलं जातं, त्यामुळे मला कोणी विचारत नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्या अंगावर एक मोजणी झाली होती, अगदी अचूक, आणि त्या अचूक मोजणीमुळे एका बाईचा जीव जाता जाता राहिला. ती गोष्ट मला सांगून टाकायची आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात दाबलं, थंड केलं, कडा घासल्या, झालं. एका खोक्यात आम्ही चोवीस भावंडं होतो. बाकीचे तेवीस कुठे गेले मला माहीत नाही. मी उत्तरेला मिनेसोटात गेलो, लोखंडाच्या खाणींच्या एका गावात, ऑर्व्हिल टॉफ्टे यांच्या औषधांच्या दुकानात.

ऑर्व्हिल उंच, वाकलेले आणि अत्यंत सावकाश गृहस्थ होते. पण पट्टी हातात आली की त्यांची बोटं सरसर चालायची. शंभर गोळ्या मोजायला त्यांना खोकला येऊन जाण्याइतकाही वेळ लागत नसे. गिऱ्हाइकं माझ्याकडे कौतुकाने बघत राहायची आणि मी फुशारून जायचो. ऑर्व्हिल आपल्या मुलीला, मार्लिसला, मोजायला शिकवताना सांगायचे, "हे बघ, बाटली पुन्हा भरायला परत आली की आत एखादी गोळी कमी नाहीतर जास्त असतेच. एक बेसिनमध्ये पडते, एक विसरायला होते. माणसं आहेत ती. हिशेब अगदी तंतोतंत जुळला तर जरा थांबायचं." मार्लिस तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. ती मान डोलवायची आणि एक गोळी लपवून बापाची परीक्षा घ्यायची.

त्या दुकानात माझ्या शेजारी कॉफीची एक मोठी किटली असे. तिच्याविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्याशी जोडलेलं आहे. तिकडची रीत अशी की कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं.

"कॉफी घेतोस?" ऑर्व्हिल विचारायचे.

"छे, छे, आत्ताच घेतली."

"अरे, घे की."

"उगाच त्रास कशाला तुम्हाला?"

"केलेलीच आहे. फुकट जाईल."

"बरं, मग अर्धा कप द्या."

आणि मग गडी दोन कप पिऊन जायचा. तीनदा विचारल्याशिवाय कोणी हो म्हणत नसे, आणि तीनदा न विचारणारा माणूस तुसडा समजला जाई. पण दुखण्याखुपण्याची रीत अगदी उलटी. "कसं काय?" म्हणून एकदा विचारायचं, समोरच्याने "चालतंय" म्हणायचं आणि विषय संपला. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे भोचकपणा. एकदा एक खाणकामगार दाराखाली चेमटलेलं बोट रुमालात गुंडाळून आला होता, रुमालातून रक्त टपटप गळत होतं. "कसं काय?" "तसं वाईट नाही. जरा मलमपट्टी द्या." मला तेव्हा फार हसू आलं होतं. आज येत नाही.

ऑर्व्हिल गेले आणि दुकान बंद झालं. मार्लिसने दुकानातल्या दोनच वस्तू उचलल्या, एक किटली आणि एक मी. ती तेव्हा डुलुथ या सरोवराकाठच्या शहरात, एका मोठ्या इस्पितळात औषधं सांभाळायची. नुसती औषधं नव्हे, ज्यांची अजून परीक्षा चालू आहे अशी नवी औषधं. त्यांना नावंसुद्धा नव्हती, नुसते क्रमांक. एका छोट्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला ती मला ठेवायची. खिडकीच्या बाहेरच्या फळीवर किटली, आणि त्यापलीकडे रोग्यांच्या बसायच्या खुर्च्या. खिडकी उघडीच असे, म्हणून बाहेरचं सगळं माझ्या कानावर पडायचं.

तिथे येणाऱ्या माणसांना मेंदूत गाठ झालेली असे. साधी गाठ नव्हे, झपाट्याने वाढणारी. शस्त्रक्रियेने काढता येईल तेवढी काढतात, तरी थोडी आत राहतेच. मग सहा आठवडे रोज किरणांचे उपचार आणि ठरलेलं औषध. एवढं करूनही बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्ष उरतं. हे त्यांना पहिल्या पंधरवड्यातच कळलेलं असायचं. खुर्चीत बसून ती माणसं हिवाळी टायर कधी बदलायचे यावर बोलत असत.

नवं औषध द्यायची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची होती. पहिल्या तीन जणांना थोडी मात्रा द्यायची. महिनाभर त्यांना मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना त्याहून जास्त. ती सोसली तर पुढच्या तिघांना आणखी. म्हणजे प्रत्येक जण आपल्या मागून येणाऱ्यासाठी पायरी पक्की आहे की नाही ते पाय ठेवून बघत असतो. मागून कोण येणार हे त्याला माहीत नसतं.

तिसऱ्या पायरीवरचा तिसरा माणूस म्हणजे ड्वेन लाहती.

ड्वेन अठ्ठावन्न वर्षांचा होता, खनिज वाहणाऱ्या रेल्वेत इंजिनं दुरुस्त करणारा. त्याचे पंजे माझ्याएवढे होते, म्हणजे खरंच माझ्याएवढे. एका सकाळी त्याच्या हातात पाना होता आणि त्याला 'पाना' हा शब्द आठवेना. आठवड्याभरात त्याचं डोकं उघडून शिवलंसुद्धा होतं. त्याची बायको आर्डिस ही त्यांच्या चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. ती येताना प्रत्येक वेळी रुबार्बच्या आंबट देठांपासून केलेल्या गोड वड्यांचा डबा आणायची आणि प्रतीक्षागृहात दिसेल त्याच्या हातावर वडी ठेवायची. तिने आयुष्यात कधी अन्नाचा कण टाकला नव्हता. पिशव्या धुऊन वाळत घालायची, दोरे गुंडाळून ठेवायची. हे लक्षात ठेवा.

ड्वेनला रोज सकाळी चार निळ्या कॅप्सूल घ्यायच्या होत्या. अठ्ठावीस दिवसांच्या एकशेबारा. बाटलीत मात्र एकशेवीस देत, आठ जादा, सांडलवंड झाली तर असाव्यात म्हणून. महिना संपला की उरलेल्या परत आणायच्या आणि सोबत रोजची वही, कधी घेतल्या, काय त्रास झाला ते लिहिलेली.

पहिला महिना संपला. मार्लिसने बाटली माझ्यावर उपडी केली. एकदा पाच आणि वर तीन. आठ. अगदी जितक्या हव्या तितक्या. वही उघडली तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवसांवर बरोबरच्या खुणा, सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या. गाडीत बसून एका दमात केल्यासारख्या.

मार्लिसची पट्टी थांबली. बापाचं बोलणं तिला आठवलं असणार, मला तर लख्ख आठवलं.

"ड्वेन, एकही चुकली नाही?" तिने विचारलं.

"रेल्वेत चौतीस वर्षं काढली मास्तरीणबाई. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक."

"आणि त्रास? उलट्या, चक्कर?"

ड्वेनने बायकोकडे पाहिलं. आर्डिस वड्यांच्या डब्याचं झाकण घट्ट करत होती.

"चालतंय," तो म्हणाला.

मित्रांनो, मार्लिस त्या मातीतली होती. 'चालतंय' म्हणणाऱ्याच्या रुमालातून रक्त गळताना तिने लहानपणी पाहिलं होतं. तिने पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने विचारलं ते हे, "कॉफी घेता?" त्या दोघांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. मी तिथेच होतो, आठ गोळ्या अंगावर घेऊन. माझी मोजणी बरोबर आहे म्हणून मी खूषसुद्धा झालो.

उपचार ठरवणारे डॉक्टर क्वान शिकागोहून आलेले. हुशार आणि मनाने चांगला माणूस. त्यांनीही ड्वेनला विचारलं होतं, त्यांनाही 'चालतंय' मिळालं होतं, आणि त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. रक्ताच्या तपासण्या ठीक होत्या. कागदावर तिसरी पायरी पक्की झाली. चौथी पायरी उघडली. रोज सहा गोळ्या.

चौथ्या पायरीवर पहिलं पाऊल ठेवलं ब्रिटा सोलेमने. छत्तीस वर्षांची, शाळेत मुलांना ट्रम्पेट शिकवणारी. शस्त्रक्रियेच्या जागी केस नव्हते म्हणून ती एक पिवळी लोकरी टोपी घालायची. विद्यार्थ्यांनी तिला एक मोठं कार्ड पाठवलं होतं, त्यावर एकाने लिहिलं होतं, "बाई, तुम्ही नाही म्हणून आम्ही अजिबात सराव करत नाही." ते वाचून ती इतकी हसली की मार्लिसला गोळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या. एकशेऐंशी. ती सहीचे कागद वाचत असताना क्वान तिला म्हणाले, "आधीच्या तिघांनी हे औषध चांगलं सोसलं आहे. तरी काहीही वाटलं तर लगेच सांगा." ब्रिटाने मान हलवली.

त्यानंतर अकरा दिवसांनी ड्वेनचा दुसरा महिना संपला. त्या दिवशी त्याला डोक्याच्या तपासणीसाठी यंत्रात नेलं होतं आणि आर्डिस बाहेर एकटी बसली होती. किरणांसाठी रोज येणारी ब्रिटा तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकली. टोपी कानांपर्यंत ओढलेली आणि खोली उबदार असून अंगात जाड स्वेटर.

"वडी घे गं," आर्डिस म्हणाली.

"नको, थँक्यू."

"घे की, रुबार्बची आहे. आमच्या मागच्या अंगणातला."

"खरंच नको."

"एवढीशी तर आहे. माझ्याकडून म्हणून घे."

"नको हो. प्लीज."

तीनदा विचारून नको! आर्डिसचा हात डब्यातच थांबला. चर्चच्या स्वयंपाकघरात तिने हजारो पानं वाढली होती. लाजून नको म्हणणारं तोंड तिला ओळखू यायचं, आणि हे तसं नव्हतं.

"पोटात काही ठरत नाही का, पोरी?"

ब्रिटाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोणाला सांगू नका हं. आठवडा झाला. सकाळी गोळ्या घेते आणि ओकते. काल हिरड्यांतून रक्त आलं. आणि हे बघा." तिने बाही थोडी वर सारली. हातावर काळेनिळे डाग होते, कोणी मारल्यासारखे.

"अगं बाई! डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या आधी तिघांनी घेतलं, त्यांना काही झालं नाही म्हणे. मीच नाजूक निघाले. परवा रक्त तपासणार आहेत, तोवर काढेन कसंबसं. मला या औषधातून काढून टाकलं तर दुसरं काय आहे माझ्याकडे?" मग ती बळेच हसली. "त्या तिघांचा मला फार राग येतो, खरं सांगू? कसली माणसं आहेत, लोखंडाची की काय!"

आर्डिसने डबा बंद केला. तिचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. एखाद्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

थोड्या वेळाने ड्वेन बाहेर आला, दोघं माझ्या खोलीत आली, बाटली माझ्यावर उपडी झाली. एकदा पाच आणि वर तीन. पुन्हा आठ. मार्लिसने पट्टी खाली ठेवली आणि आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल! पण ड्वेन तिच्याकडे बघत होता आणि तिने पर्सचा बंद घट्ट धरला. "चला, रस्त्यावर बर्फ धरायच्या आत निघायला हवं," ती म्हणाली. ती गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. का ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आर्डिस एकटीच आली. सत्तर मैल गाडी हाकत, ड्वेनला शेजाऱ्यांकडे बसवून. बुटांवरचा बर्फसुद्धा तिने झटकला नव्हता, आणि ही बाई दुसऱ्यांच्या दाराशी चार वेळा बूट आपटणारी. तिने पिशवीतून कॉफीचा एक लाल पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मार्लिसला काही न विचारता माझ्यावर उपडा केला.

निळ्या कॅप्सूल! काही घरंगळत खाली जमिनीवर गेल्या.

"आर्डिस, हे काय?"

"मोज," ती म्हणाली.

मार्लिसने जमिनीवरच्या वेचल्या. मग पट्टी घेतली. पाच, दहा, पंधरा. मी आयुष्यात इतकी सावकाश मोजणी पाहिली नाही. पंचावन्न. साठ. आणि वर एक. एकसष्ट.

"चाळीस पहिल्या महिन्यातल्या," आर्डिस म्हणाली. पर्समधून तिने चर्चचं कॅलेंडर काढलं, स्वयंपाकघरात टांगायचं. त्यावर पेन्सिलीने बारीक फुल्या होत्या. "नवव्या दिवसापासून ओकायला लागला. मग दोनच घ्यायचा. कधी एकही नाही. गॅरेजमध्ये दोनदा पडला. इथे रक्त तपासायच्या दिवशी मात्र पुऱ्या चार गिळायचा, रक्तात दिसाव्यात म्हणून. उरलेल्या मी डब्यात टाकल्या. फेकवेनात मला. औषध आहे ना ते, कसं फेकायचं?"

"मला का नाही सांगितलं?" मार्लिसचा आवाज चढला होता.

"तू त्याला काढून टाकलं असतंस."

"आर्डिस, त्याच्या त्या महिन्यावर आम्ही पुढची मात्रा..."

"ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. "काल तिच्या शेजारी बसले होते मी. पिवळ्या टोपीची पोरगी. तिला आधी फोन लाव. मला मग काय ते बोल. आधी तिला फोन लाव."

मार्लिसने फोन लावला. ब्रिटाने त्या सकाळच्या सहा गोळ्या नुकत्याच घेतल्या होत्या. आदल्या दुपारी आर्डिस बोलली असती तर त्या सहा तिच्या पोटात गेल्या नसत्या. हे आर्डिसला कळलं. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ब्रिटाला तासाभरात आणलं. तिच्या रक्तात रक्त थांबवणारे कण जवळजवळ उरलेच नव्हते. मेंदूत नुकती शस्त्रक्रिया झालेली, तिथे आतल्या आत रक्तस्राव झाला असता तर संपलं होतं. सतरा दिवस ती इस्पितळात होती. दुसऱ्यांचं रक्त तिला चढवत होते आणि रोज सकाळी मार्लिस कामावर आली की कोट न काढता आधी वर तिच्या खोलीशी जाऊन यायची. चौथी पायरी त्याच दिवशी बंद झाली.

दोन दिवसांनी क्वान, मार्लिस, ड्वेन आणि आर्डिस माझ्या त्या एवढ्याशा खोलीत बसले. क्वान रागावले नव्हते, पण त्यांना काही केल्या उलगडत नव्हतं.

"मी प्रत्येक वेळी विचारलं होतं," ते म्हणाले.

"एकदा," मार्लिस म्हणाली. "तुम्ही एकदा विचारलंत, डॉक्टर. मीही एकदाच विचारलं. तुम्ही तरी बाहेरचे आहात. मी इथलीच आहे आणि कॉफी तीनदा विचारली."

ड्वेन आपल्या मोठ्या पंज्यांकडे बघत होता. बोलताना आता त्याचे शब्द अडकायचे. "त्या... त्या बाईचं काय?"

"वाचेल. यातून वाचेल," क्वान म्हणाले.

"मी सोडणार होतो गं," तो बायकोला म्हणाला. "दुसऱ्याच आठवड्यात. मला नको होतं ते औषध. सकाळ झाली की अंगावर काटा यायचा. पण तू रोज त्या गोळ्या बशीत मांडून ठेवायचीस, फुलं मांडावीत तशा. म्हटलं, हिला आशा आहे. हिच्यासाठी घेऊ."

आर्डिस त्याच्याकडे वळली. "मला कुठली आशा, ड्वेन? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुला हवंय म्हणून मी मांडत होते. तुला हवंय म्हणून लपवत होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. तू म्हणालास, चालतंय."

एकतीस वर्षांचा संसार, एक स्वयंपाकघर, एक टेबल. आणि दोघांनी एकमेकांना एकेकदाच विचारलं होतं. मला त्या दोघांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला रडू येत होतं आणि ट्रेला रडता येत नाही.

ड्वेनला काढून टाकलं नाही. मात्रा कमी करून, रोज दोन गोळ्या, घ्यायच्या की सोडायच्या ते त्याच्यावर सोपवलं. तो म्हणाला, "घेतो. पण या वेळी माझ्यासाठी नाही आणि आर्डीसाठीही नाही, मागून येणाऱ्यासाठी. आता वही खरी लिहितो." ती वही मी पाहिली आहे. वाकडंतिकडं अक्षर, रोज वेगळं पेन. मंगळवार, ओकलो. बुधवार, ठीक. गुरुवार, ओकलो, आर्डीवर ओरडलो, मग माफी मागितली. शुक्रवार, पाना हा शब्द आठवला. बाटल्या परत यायच्या त्यात कधी तीन जास्त, कधी एक कमी. मार्लिस मोजताना पहिल्यांदाच बापासारखी भराभर पट्टी चालवायची.

मोठ्या सरोवरावरचा बर्फ फुटायच्या दिवसांत ड्वेन गेला. ब्रिटाला ते औषध पुन्हा दिलं नाही. ठरलेले उपचार घेत ती आणखी एक उन्हाळा आणि एक हिवाळा जगली. शाळेतही काही महिने गेली. त्या औषधाची मात्रा शेवटी दोन गोळ्यांवरच ठरली, ड्वेनने खऱ्या वहीत सोसलेली. त्याचा गाठीवर उपयोग होतो की नाही याची परीक्षा अजून चालू आहे, असं मी खणात पडल्यापडल्या ऐकतो. निकाल मला माहीत नाही.

ड्वेनची शेवटची बाटली परत करायला आर्डिस आली तो दिवस मात्र मला सांगायचा आहे. तेरा गोळ्या उरल्या होत्या. दोनदा पाच आणि वर तीन. मार्लिसने लिहून घेतलं, किटलीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"कशा आहात, आर्डिस?"

"चालतंय."

मार्लिसने खुर्ची जवळ ओढली. "आर्डिस, कशा आहात?"

"अगं, बरी आहे मी. तुझी कामं पडली असतील."

"कशा आहात?"

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं, त्या तेरा निळ्या गोळ्यांकडे. मग तिला राहवेना. "सकाळी उठते आणि बशी काढते गं," ती म्हणाली. "रिकामी बशी मांडते. मला काही सुचत नाही. मला त्या घरात एकटीला जगता येत नाही, मार्लिस." आणि ती रडली, मोठ्याने, खिडकी उघडी असताना, बाहेर सगळे बसलेले असताना. मार्लिसने तिला धरून ठेवलं. त्या सकाळी कॉफी कोणीच कोणाला विचारली नाही.

मित्रांनो, मी फक्त माझ्यावर ओततात तेवढंच मोजू शकतो. डब्यात दडवलेलं मला मोजता येत नाही. ते तुम्हालाच विचारून काढावं लागेल. म्हणून या खणातून माझं एवढंच मागणं आहे. घरात कोणी आजारी असेल आणि "चालतंय" म्हणेल, तर तिथून उठू नका. पुन्हा विचारा. आणि ते पुन्हा "चालतंय" म्हणाले, तर खुर्ची थोडी जवळ ओढा आणि तिसऱ्यांदा विचारा.